गावाखालचा ओढा आणि आमचे भूगोलाचे सर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा, असे पत्र आले आणि डोळ्यांपुढे भूगोलाचे सरच उभे राहिले. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. पावसाळी गटारांच्या सर्वेक्षणाचे माझे आजचे काम हा सरांच्या भूगोल मंडळाचाच पुढचा वर्ग आहे.

गाव वाढले की ओढा झाकला जातो. आधी काठाला भिंत, मग वर स्लॅब, मग रस्ता. दोन पिढ्यांनी खाली पाणी आहे हे कुणाच्या गावीही नसते. लंडनची फ्लीट नदी अशीच गडप झाली. क्लार्कनवेलमधल्या रे स्ट्रीटवरच्या जाळीपाशी थांबले की ती अजून ऐकू येते.

असा झाकलेला ओढा शोधायची सुरुवात सर नकाशापासून करायचे. सारखी उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषांचे इंग्रजी व्हीसारखे टोक ज्या बाजूला, ती ओढ्याच्या उगमाची बाजू. मग त्या रेषेवरून पायी फिरायचे: विनाकारण वळणारी गल्ली, रस्त्याकडेला उरलेला पुलाचा बुटका कठडा, बारमाही ओल धरणारी तळघरे. भर उन्हाळ्यात पहाटे, नळ सुटायच्या आधी, मॅनहोलच्या बंद झाकणापाशी ऐकायचे. आवाज एकसारखा असेल तर झऱ्याचे पाणी. थांबून थांबून येत असेल तर घरांचे सांडपाणी. झाकण उचलायला मात्र सक्त मनाई.

संशय पक्का करायला रंग. १८७७ मध्ये जर्मनीत इमेन्डिंगनपाशी जमिनीत लुप्त होणाऱ्या डॅन्यूबच्या पाण्यात फ्लुरोसीन हा रंग दहा किलो टाकला, तेव्हा सुमारे अडीच दिवसांनी बारा किलोमीटरवरचा आखचा झरा हिरवा झाला. लहान ओढ्याला काही ग्रॅम पुरतात, तेही परवानगी काढून आणि खालच्या वस्तीला आधी कळवून. एवढासा रंग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जाळीच्या पुरचुंडीत सक्रिय कोळसा भरून ती मुखाशी प्रवाहात बांधायची. कोळसा रंग धरून ठेवतो. रंग सोडण्याआधी एक कोरी पुरचुंडी लावायचीच, नाहीतर आधीपासून पाण्यात काय होते ते कळत नाही.

मित्रांच्या दोन तुकड्या सर इथेच पाडत. रंग हाताळणाऱ्याने पुरचुंडीला बोटही लावायचे नाही. नखातल्या कणानेसुद्धा खोटा निकाल येतो. फसण्याची इतर कारणेही ठरलेली: उन्हात फ्लुरोसीन विरते, क्लोरीनने मरते आणि आम्ल पाण्यात त्याची चमक मंदावते. पुरचुंडी आठवडाभराने काढून स्वच्छ पाण्याने धुवायची. कोळसा काचेच्या भांड्यात घालून त्यावर अल्कोहोलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे पाच टक्के द्रावण ओतायचे आणि भांडे अजिबात हलवायचे नाही. बाजूने बॅटरीचा झोत टाकला की कोळशाच्या लगत वर पोपटी रेघ तरंगताना दिसते. भांडे टेबलावर ठेवून सर खोलीचे पडदे ओढत, आणि मागच्या बाकावरचेसुद्धा गप्प होत.

झाकलेल्या ओढ्यात आत उतरण्याचा हट्ट प्रत्येक तुकडीने धरला, सरांनी एकदाही मानला नाही. त्यांचे बरोबर होते. रोज तेच काम करणारा मी आजही तेच सांगतो. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. गाळात पाय पडला की उसळतो, आणि प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाला वास येणेच बंद होते. वास गेला म्हणजे हवा सुधारली, असे वाटून माणूस पुढे जातो. त्याला ओढायला उतरणारा दुसराही तिथेच पडतो. वर कुठे पावसाची सर पडली तर इथे आकाश निरभ्र असतानाही पाणी मिनिटांत चढते. उंदरांच्या मुतातून लेप्टो या तापाचा जंतू पायाच्या चिरेतून शिरतो तो वेगळाच. वायुमापक, दोरी, बाहेर पहारा आणि रीतसर परवाना असलेल्या प्रशिक्षित पथकाचे ते काम. शिवाय रंगाने रस्ता कळल्यावर आत बघण्यासारखे बहुधा प्लास्टिकच उरते.

भूगोलाच्या खोलीत आता संगणक आहेत असे कळले. असू देत. पण नकाशांचे ते लांब कपाट कुठे गेले, हे कुणालाच सांगता येईना, याचे वाईट वाटते. सरांच्या हातच्या निळ्या पेन्सिलीच्या रेषा त्यांवर आहेत. महोत्सव समितीने ते नकाशे शोधावेत, स्कॅन करून घ्यावेत आणि घडी किंवा गुंडाळी न करता सपाट ठेवावेत. घडीवर कागद आधी फाटतो. खर्च मी देईन.