ब्लॉक मिळेना: ई-कॅडहेरिनसाठी गेलेले अकरा दिवस

नाशिकमध्ये मावशीच्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली, रिपोर्टही वेळेत आला. घोडं अडलं ते शेवटच्या ओळीवर: ‘ई-कॅडहेरिन तपासावे.’

ही ओळ किरकोळ नाही. स्तनातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं हे प्रथिन. स्तनाच्या कर्करोगाच्या दोन मुख्य प्रकारांपैकी डक्टलमध्ये ते सहसा शाबूत असतं, म्हणून पेशी पुंजक्याने वाढतात आणि गाठ हाताला लागते. दुसऱ्या, म्हणजे लोब्युलरमध्ये बहुतेकदा ते बनवणारं सीडीएच-१ जनुक बिघडून ते नाहीसं होतं. मग पेशी सुट्या होऊन एकामागे एक रांगेने आत शिरतात. ठसठशीत गाठ होत नाही, मॅमोग्राफीत पसारा कमी दिसतो. म्हणून अनेकदा एमआरआय सांगतात. हाडांत दोन्ही जातात, पण पोटाचं अस्तर, जठर-आतडी आणि अंडाशय इथे लोब्युलर जास्त जातो. पुढे पोट फुगलं, भूक गेली तर ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडू नका.

आमच्या लॅबने ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, द्यायला नकार दिला आणि त्याचे पातळ काप चढवलेल्या, न रंगवलेल्या स्लाइड दिल्या, त्याही साध्या काचेवर. या तपासणीत स्लाइड गरम द्रावणात ठेवतात. साध्या काचेवरचा काप तिथेच सुटून गेला. पुन्हा अर्ज, पुन्हा ‘उद्या या’. अकरा दिवस गेले, आणि ते टाळता आले असते, याचा राग अजून आहे.

ब्लॉक मागताना डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र, बायोप्सी नंबर, रुग्णाची सही आणि ओळखपत्राची प्रत एकदमच द्या. किती ब्लॉक, किती स्लाइड, हे पोचपावतीवर लिहून घ्या. स्लाइडच मिळणार असतील तर ‘चार्ज्ड’ (काप घट्ट धरून ठेवणाऱ्या) स्लाइड हव्यात असं पत्रातच लिहा. ८-१० काप एकाच वेळी मागा. दर वेळी ब्लॉक नव्याने यंत्रावर चढवला की थोडी ऊती वाया जाते, आणि हर-२ या प्रथिनाची तपासणी २+ (म्हणजे अनिश्चित) आली तर फिश या जनुक-तपासणीसाठीही काप लागतात.

ई-कॅडहेरिन दिसलं म्हणजे लोब्युलर नाहीच, असं मात्र नाही. काहींत ते टिकून असतं. शंका उरली तर पी-१२० कॅटेनिन (ई-कॅडहेरिनला जोडलेलं प्रथिन) पेशीच्या कडेला आहे की आत पसरलंय, ते पाहायला सांगा.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: तुकडा काढल्यावर तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि ६ ते ७२ तास राहावा. शनिवारी बायोप्सी असेल नि जोडून सुट्ट्या असतील, तर लॅब कधी उघडेल ते आधी विचारा.

परळच्या टाटाला ब्लॉक नेताना उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका. मेण ५६-६० अंशांच्या आसपास वितळतं. डबीत घालून हातातल्या पिशवीत ठेवा, आणि काम झालं की उरलेला ब्लॉक परत मागून घ्या.