आमची वाटचाल : तपकीर गल्लीपासून

पुण्याच्या तपकीर गल्लीत वडिलांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, त्यामुळे सरकारी कागद आला की आजूबाजूचे दुकानदार तो माझ्यापुढे सरकवत. 2012 साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश निघाला, तेव्हा गल्ली निवांत होती. पहिल्या यादीत 15 वस्तू. लॅपटॉप, टीव्ही, मायक्रोवेव्ह असल्या. 2014 च्या अखेरीस दुसरी यादी आली. तिच्यात अडॅप्टर, पॉवर बँक, एलईडी दिवे. मग मात्र सगळ्यांची झोप उडाली, आणि दुकानाच्या माळ्यावर आमचा सल्ल्याचा व्यवसाय सुरू झाला.

ही नोंदणी बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो करते. तिचा नोंदणी क्रमांक म्हणजे आर नंबर; तो माल विकणाऱ्याला मिळत नाही, कारखान्याला मिळतो. एक कारखाना, एक ब्रँड, एका प्रकारची वस्तू, त्याची एक नोंदणी. हे पटवून देण्यात आमची पहिली काही वर्षं गेली. "अहो, अडॅप्टर तोच आहे, फक्त चीनमधल्या शेन्झेनचा दुसरा कारखाना स्वस्तात देतोय," असं म्हणणारे आजही येतात. त्या दुसऱ्या कारखान्याचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नव्याने तपासावे लागतात, अर्जही नवा. म्हणून कारखाना पक्का झाल्याशिवाय आम्ही फाइल उघडत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे दुसरीकडे गेली. जावोत.

आमचं खरं काम काय, ते ब्लूटूथ स्पीकरवरून कळेल. स्पीकरची बीआयएस नोंदणी. आतल्या लिथियम सेलची वेगळी, आयएस 16046 या भारतीय मानकाखाली. ती सेल बनवणाऱ्याकडे असेल तर बरं, नसेल तर तिथेच घोडं अडतं. सोबत चार्जर दिला तर त्याची तिसरी. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, तिथे लहरींचा परवाना लागत नाही; पण उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या रेडिओ लहरींच्या शाखेकडून ईटीए, म्हणजे उपकरणाची मान्यता, लागतेच. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, मूळ देश, तक्रारीसाठी फोन; त्यासाठी वैधमापनशास्त्राची, म्हणजे वजनमाप खात्याची नोंदणी. आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत आयातदारही उत्पादकच धरला जातो, म्हणजे सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पोर्टलवर ईपीआर, म्हणजे वस्तू टाकाऊ झाल्यावर तिची जबाबदारी घेण्याची नोंदणी. हे सगळं माल जहाजावर चढण्याआधी व्हायला हवं. न्हावा शेवा बंदरात कंटेनर थांबला की दिवसागणिक भाडं चढतं. नफा तिथेच संपतो.

परदेशी कारखान्याला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. "तुम्हीच सही करा ना," असा आग्रह बरेचजण करतात. त्या सहीबरोबर मालाची जबाबदारीही येते, म्हणून आम्ही ती करत नाही. त्यासाठी ज्यादा फी देऊ करणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवतो.

आता कामाचा मोठा भाग भोसरी-चाकणकडच्या छोट्या कंपन्यांचा आहे. सेन्सर, गेटवे, वायफाय मॉड्यूल बसवलेली यंत्रं. त्यांचे इंजिनिअर प्रश्न नेमके विचारतात, पण सुटा भाग बदलला की कळवायला विसरतात. गल्लीतले जुने दुकानदार तसे नाहीत. नवा माल घेण्याआधी बीआयएस केअर ॲपवर आर नंबर टाकून बघतात, आणि नाव जुळलं नाही तर घाऊक व्यापाऱ्याला तिथल्या तिथे खोकी उचलायला लावतात.