रात्री दोन वाजता वाहणारे पाणी : जुन्या भुयारी गटारांच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

एका लहान शहराच्या पालिकेत सदस्य म्हणून निवडून आल्यावर माझ्याकडे स्वच्छता समितीचे सभापतिपद आले, आणि पहिल्याच बैठकीत माझ्यासमोर एकच प्रस्ताव ठेवण्यात आला : संपूर्ण भुयारी गटारव्यवस्था उखडून नव्याने टाकावी. वाहिन्या टाकून पन्नासहून अधिक वर्षे झाली होती, पावसाळ्यात सखल भागातील मॅनहोलमधून मैलापाणी रस्त्यावर येत होते, आणि नागरिकांचा संताप रास्त होता. मात्र प्रस्तावात मागितलेली रक्कम पालिकेच्या कित्येक वर्षांच्या एकत्रित उत्पन्नाएवढी होती, म्हणजे कर्ज काढूनही हे काम एका पिढीत पुरे झाले नसते. तरीही मी प्रस्तावाच्या बाजूने मत देणार होतो, कारण जुने ते सगळे खराबच असणार, असे मी गृहीत धरले होते. पालिकेच्या अभियंता मॅडमनी त्या बैठकीत शांतपणे विचारले, "सर, यांतल्या नेमक्या कोणत्या वाहिन्या निकामी झाल्या आहेत, हे आपल्यापैकी कोणाला माहीत आहे का?" कोणालाच माहीत नव्हते. पुढची जवळपास चार वर्षे या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आणि त्या उत्तराप्रमाणे काम करून घेण्यात गेली.

सुरुवात नकाशापासून करावी लागली. पालिकेच्या दप्तरात एक नकाशा होता, पण तो योजना मंजूर झाली तेव्हाचा, म्हणजे काय करायचे ठरले होते ते दाखवणारा होता. प्रत्यक्षात काय केले गेले याचा नकाशा कोणी काढलाच नव्हता. खोदताना मध्येच खडक लागला म्हणून वाहिनी कुठे वळवली, दोन वस्त्या नंतर कशा जोडल्या, कोणते मॅनहोल रस्त्याच्या डांबराखाली गेले, हे सारे एका सेवानिवृत्त मुकादमांच्या स्मरणात होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. मी त्यांच्या घरी जाऊन विनंती केली आणि ते लगेच तयार झाले. कित्येक आठवडे ते रोज सकाळी आमच्याबरोबर फिरले. एखाद्या चौकात थांबून ते काठीने जमिनीवर खूण करायचे, आम्ही धातुशोधक यंत्र फिरवायचो, आणि बहुतेक वेळा डांबराच्या दोन-तीन थरांखाली लोखंडी झाकण सापडायचे. प्रत्येक मॅनहोलला क्रमांक दिला, त्याची खोली, तळपातळी, वाहिन्यांचे व्यास, पाइप कशाचा आहे आणि पाणी कोणत्या दिशेला जाते, हे नोंदवले. काकांना हे पूर्वीच कोणी विचारले असते तर पालिकेचे किती खोदकाम वाचले असते, असे मला त्या दिवसांत वारंवार वाटत राहिले.

तळपातळ्या कागदावर मांडल्यावर पहिला उलगडा झाला. गटार बहुतांशी उतारावरच चालते, आणि त्यातील पाण्याचा वेग दिवसातून निदान एकदा तरी सेकंदाला सुमारे ०.६ मीटरपर्यंत गेला पाहिजे, तरच तळाशी बसलेली वाळू व घाण पुढे ढकलली जाते. ज्या रस्त्यावर दर महिन्याला गटार तुंबण्याची तक्रार यायची, तेथे दोन मॅनहोलांच्या मधला उतार जवळजवळ शून्य झाला होता, कारण भराव खचून वाहिनी मध्येच खाली बसली होती. तेथे आम्ही वर्षानुवर्षे रहिवाशांना दोष देत आलो होतो की ते नको ते गटारात टाकतात. त्यांचाही थोडा दोष असेल, पण मूळ कारण जमिनीखाली होते आणि ते आम्ही कधी मोजलेच नव्हते.

या कामात एक गोष्ट मी इतर कशाहीपेक्षा महत्त्वाची मानतो. काकांनी सांगितले की त्यांच्या काळी झाकण उघडल्यावर उग्र वास यायचा, आणि थोड्या वेळाने वास येईनासा झाला की हवा खेळती झाली असे समजून माणूस आत उतरायचा. हे ऐकून अभियंता मॅडमचा चेहरा उतरला. मैल्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेत दशलक्ष भागांत एक भागाहूनही कमी असताना नाकाला कळतो, परंतु त्याचे प्रमाण सुमारे १०० भागांवर गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते; म्हणजे धोका वाढतो तेव्हाच वास नाहीसा होतो, आणि आणखी काही पटींनी प्रमाण वाढले तर माणूस क्षणांत कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने मॅनहोलच्या तळाशी साचतो. त्याच आठवड्यात मी सभेत ठराव मांडला की सफाई आणि तपासणी यंत्रानेच होईल, आणि या कामांसाठी कोणालाही मॅनहोलमध्ये उतरवले जाणार नाही. ठराव एकमताने संमत झाला. काका त्या सभेला प्रेक्षकांत बसले होते. सभा संपल्यावर ते माझ्याशी काही न बोलता बराच वेळ माझा हात धरून उभे राहिले.

यानंतरची पायरी होती प्रवाह मोजण्याची. मॅडमनी निरनिराळ्या भागांच्या शेवटच्या मॅनहोलवर प्रवाहमापक बसवले आणि मला रात्री दोन ते चार या वेळातले आकडे पाहायला सांगितले. त्या वेळी घरोघरी पाण्याचा वापर नगण्य असतो. तेव्हा गटारात जे वाहते ते बहुतांशी सांध्यांतून आणि तड्यांतून आत शिरलेले भूजल असते. दोन भागांत हा प्रवाह दिवसाच्या सरासरीच्या जवळपास निम्मा निघाला, तर उरलेल्या भागांत तो अगदी किरकोळ होता. हे स्वच्छ पाणी आपण पंपाने उचलत होतो आणि शुद्धीकरण केंद्रात त्यावर प्रक्रिया करत होतो, म्हणजे वीज आणि पैसा दोन्ही त्यावर खर्च होत होते. शहरातील सगळी गटारे सारखीच खराब आहेत, ही माझी समजूत त्या एका आलेखाने मोडली.

भूजलाचे शिरणे एक आणि पावसाचे पाणी थेट येणे दुसरे. या दोहोंचे उपाय वेगळे असल्यामुळे ते वेगवेगळे ओळखावे लागतात. पावसाच्या पाण्याच्या वाटा शोधण्यासाठी आम्ही धूर-चाचणी केली. दोन मॅनहोलांमधील वाहिनीत पंख्याने निरुपद्रवी पांढरा धूर सोडतात आणि तो जमिनीवर कोठून बाहेर येतो हे पाहतात. आदल्या आठवड्यात घरोघरी पत्रके वाटली, अग्निशमन विभागाला कळवले, आणि बऱ्याच दिवसांत न वापरलेल्या मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतून ठेवण्याची विनंती केली, कारण तेथील सापळ्यातले, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या नळीत साठून वायू अडवणारे, पाणी आटलेले असेल तर धूर, आणि एरवी गटारातला वायू, थेट घरात येतो. चाचणीच्या दिवशी अनेक घरांच्या छपरांवरून, पन्हळींच्या नळ्यांतून धूर निघाला. म्हणजे छपरावरचे पाणी पावसाळी गटाराऐवजी मैलापाण्याच्या वाहिनीत सोडलेले होते. एका ठिकाणी तर रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराच्या जाळीतून धूर आला. त्यात रंगीत पाणी ओतून खात्री केली, तेव्हा ती जोडणी पालिकेनेच कधीकाळी केलेली निघाली. ती आम्ही सर्वांत आधी बंद केली, कारण आपली चूक तशीच ठेवून नागरिकांना नोटिसा देणे मला योग्य वाटले नाही.

कॅमेऱ्याची पाळी यानंतर आली. प्रत्येक वाहिनी आधी उच्च दाबाच्या जेटिंग यंत्राने धुवावी लागते, नाहीतर कॅमेऱ्याला गाळाखेरीज काही दिसत नाही. चित्रण पाहून प्रत्येक टप्प्याला १ ते ५ अशी श्रेणी दिली : १ म्हणजे उत्तम, ५ म्हणजे कोसळलेली किंवा कोसळण्याच्या बेतातली. मी त्या चित्रफितींपुढे तासन्‌तास बसलो. भाजलेल्या मातीचे जुने पाइप मला सर्वांत कमकुवत वाटत होते, पण त्यांच्या अंगाला काहीही झालेले नव्हते. आम्ल त्यांना खात नाही. त्यांचे सांधे मात्र निसटले होते आणि त्यांतून झाडांची मुळे केसांच्या जटांसारखी आत उतरली होती. काँक्रीटच्या पाइपांची कथा उलटी होती. त्यांचे सांधे बरे होते, पण पाण्याच्या वरचा भाग, म्हणजे पाइपचे छत, झिजून आतली सळई उघडी पडली होती, आणि हे पंपाची वाहिनी जेथे उतारावरच्या गटारात रिकामी होते त्याच्या पुढच्याच टप्प्यात झाले होते. कारण असे की पंपाच्या बंद वाहिनीत मैलापाणी तासन्‌तास हवेविना कोंडून राहते, त्यात सल्फाइड तयार होते, आणि बाहेर आदळताच तो वायू सुटून ओलसर छताला लागतो. तेथले जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते काँक्रीटला खडूसारखे ठिसूळ करते. या झिजेमागे जिवाणू आहेत हे ऑस्ट्रेलियातील संशोधक पार्कर यांनी १९४५ सालीच दाखवून दिले होते. आमच्या वाहिन्या त्यानंतर टाकलेल्या होत्या, तरी त्या जागी साधे काँक्रीटच वापरले गेले होते.

सगळे टप्पे मोजून झाल्यावर ४ आणि ५ या श्रेणींत एकूण लांबीचा लहानसाच हिस्सा पडला. सभेत मी नकाशा रंगवून लावला आणि पाच मिनिटांचे चित्रण दाखवले. विरोध झालाच. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे होते की जमिनीखाली पुरलेला पैसा मतदारांना दिसत नाही, त्यापेक्षा त्यांच्या प्रभागातला रस्ता आधी करावा. मी त्यांना नकाशावर तोच रस्ता दाखवला. त्याच्याखाली ५ श्रेणीचा टप्पा होता. आधी गटार, मग रस्ता, या क्रमाला त्यांनी स्वतःच अनुमोदन दिले. जुना प्रस्ताव मागे घेण्यात आला.

खाली बसलेला आणि कोसळलेला भाग खोदूनच बदलावा लागला. उरलेल्या खराब टप्प्यांत आतून अस्तर घालण्याची पद्धत निवडली. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वुड यांनी ती प्रथम वापरली : राळेत भिजवलेली मऊ नळी जुन्या पाइपमध्ये सरकवतात, पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने फुगवून आतल्या भिंतीला चिकटवतात, आणि गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाशाने कठीण करतात. जुन्या पाइपच्या आत सांधा नसलेला नवा पाइप तयार होतो. २२५ मिलिमीटरच्या वाहिनीत ६ मिलिमीटर जाडीचे अस्तर घातल्याने जागा कमी होऊन पाणी तुंबेल, अशी मला भीती होती. पण व्यास १२ मिलिमीटरने घटला तरी पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की खडबडीत जुन्या पाइपइतके पाणी सहज जाते, हे मॅडमनी मला गणित मांडून दाखवले.

येथे एक दुर्घटना घडली आणि तिची जबाबदारी मी टाळू इच्छित नाही. अस्तर घातले की घरांच्या जोडण्यांची तोंडे झाकली जातात, आणि ती आतून यंत्राने कापून पुन्हा उघडावी लागतात. एका घराची जोडणी चित्रणात मुळांच्या गुंत्याआड लपली होती, म्हणून ती यादीत आली नाही आणि ठेकेदाराच्या लोकांनी ती उघडली नाही. दुसऱ्या दिवशी त्या घराच्या न्हाणीघरात मैलापाणी उलटे आले. घरात एक आजारी आजी होत्या. मी तेथे पोहोचलो तेव्हा त्यांच्या सूनबाई पाणी उपसत होत्या, आणि त्यांनी मला एवढेच विचारले, "आमचे घर तुमच्या नकाशात नाही का?" मी त्यांची माफी मागितली, रात्रीतून जोडणी उघडून घेतली, घर निर्जंतुक करून दिले आणि भरपाईचा ठराव पुढच्या सभेत मांडला. त्यानंतर नियम केला की अस्तर घालण्यापूर्वी प्रत्येक घरात रंगीत पाणी सोडून जोडणी पडताळायची. त्यामुळे कामाचा वेग घटला, आणि ठेकेदाराने तक्रारही केली, पण तो नियम आम्ही सैल केला नाही.

धुण्याचे वार्षिक वेळापत्रक, त्यासाठीचा स्वतंत्र निधी आणि नोंदवही ही कामे त्यामानाने सोपी गेली. नोंदवहीत प्रत्येक तुंबण्याची तारीख, मॅनहोल क्रमांक आणि काय निघाले ते लिहिले जाते : मुळे, चरबी, वाळू की कापड. एकाच टप्प्याची तिसऱ्यांदा नोंद झाली की तेथे कॅमेरा जातो.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही त्याच मॅनहोलांवर पुन्हा रात्रीचा प्रवाह मोजला. एका भागात तो पूर्वीच्या एक तृतीयांशावर आला आहे. दुसऱ्या भागात मात्र तो अपेक्षेइतका उतरलेला नाही, आणि कारण आता आम्हाला ठाऊक आहे : मुख्य वाहिनी बंदिस्त झाल्यावर भूजलाने घरांपासून येणाऱ्या खासगी जोडण्यांचे फुटके सांधे गाठले आहेत. त्या जोडण्या मालकांच्या आहेत, अनेकांना दुरुस्ती परवडणारी नाही, आणि त्या कोणाच्या खर्चाने दुरुस्त करायच्या याविषयीचा ठराव मी पुढच्या महिन्याच्या सभेसाठी लिहितो आहे. ज्याच्या न्हाणीघरात पाणी आले होते त्या घराची जोडणी मसुद्यातील यादीत पहिली आहे.