अँटिऑक्सिडंटची डबी आणि बिलाचा रोल

मी सोलापुरात एका चादर-टॉवेलच्या दुकानात बिलिंगला बसते. लग्नसराईत टॉवेल-टोपीचा आहेर घ्यायला आलेली माणसं डझनातच बोलतात, त्यामुळं दिवसाला दोनशेच्या वर बिलं माझ्या हाताखालून जातात. मशीनमधून कागद निघाला की फाडायचा, घडी घालून पिशवीत सरकवायचा. शेजारी सॅनिटायझरची बाटली, कोरोनापासून तिथंच ठाण मांडून बसलेली. आठव्या आठवड्यात तपासणीला गेले तेव्हा या कागदाचं माझ्या डोक्यातही नव्हतं. पर्समध्ये एक डबी होती, ती खायची की नाही एवढंच विचारायचं होतं.

डबी नणंदेनं दिलेली. तिच्या ओळखीची एक बाई ‘मेंबर’ करून करून विकते. अँटिऑक्सिडंटच्या साठ कॅप्सूल, १,८५० रुपये. वर लिहिलं होतं, हार्मोन बिघडवणाऱ्या केमिकलपासून पोटातल्या बाळाचं संरक्षण. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही काय असलं खाल्लं व्हय गं? तरी चौघं धडधाकट आहेत.” नवरा म्हणाला, घेतलीच आहे तर खा, तोटा काय आहे?

डॉक्टर मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लेबल अगदी डोळ्यांजवळ धरलं. सी, ई, सेलेनियम, द्राक्षबियांचा अर्क. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. व्हिटॅमिन ए. “हे जास्त झालं तर बाळाच्या घडणीतच दोष येऊ शकतो. तोटा काय म्हणून विचारत होतीस ना?” खरं तर मी नाही, नवरा विचारत होता; पण गप्प बसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी आल्यावर वहीत उतरवून ठेवलं. बीपीए (कडक प्लास्टिकमधलं), थॅलेट (मऊ प्लास्टिक आणि वासाच्या वस्तूंमधलं) ही केमिकलं दोन वाटांनी त्रास देतात. एक म्हणजे पेशीत फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशीचं नुकसान करणारे कण, वाढवतात, आणि त्यांना आवरणारा शरीराचा स्वतःचा अँटिऑक्सिडंटचा साठा, ग्लुटाथायोन वगैरे, संपवतात. इथं अँटिऑक्सिडंटला काम आहे. उंदरांना बीपीएबरोबर व्हिटॅमिन सी, ई किंवा मेलाटोनिन दिलं तर नुकसान कमी झालेलं प्रयोगांत दिसलंय. दुसरी वाट जास्त वाईट : बीपीए इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनसारखं वागून त्याच्या जागेवर जाऊन बसतं, थॅलेटही हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. मला ते आमच्या गोडाऊनसारखं वाटलं. खोटी चिठ्ठी खाली गेली की पोरगा खरा माल काढून देतो. तिथं अँटिऑक्सिडंट काय करणार? सांडलेलं पुसेल, पण चिठ्ठी थोडीच परत आणेल. आणि पोटातल्या बाळाचे अवयव नेमके पहिल्या तीन महिन्यांत घडत असतात. मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांची दिशा साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात ठरते. म्हणजे मी ऐन वेळेवर आले होते, किंवा उशिरा, कसं म्हणाल तसं.

“उंदराला मोजून विष आणि मोजून औषध देतात,” मॅडम म्हणाल्या. “तुला विष किती जातंय ते कुणी मोजलंय?” ब्रिटनमध्ये बीपी वाढण्याचा धोका असलेल्या सुमारे २,४०० गरोदर बायकांवर चाचणी झाली, २००६ साली निकाल आला. निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई. बीपीचा त्रास टळला तर नाहीच, उलट गोळ्या घेणाऱ्यांत कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. हा प्रश्न वेगळा होता, केमिकलचा नव्हता. पण ‘तोटा काय’चं उत्तर त्यात होतं.

घरी येऊन मी रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसले. करू नये ते केलं. बीपीए इस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९३६ साली चार्ल्स डॉड्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवलं होतं. म्हणजे हे काही परवा कळलेलं नाही. त्याच माणसानं १९३८ मध्ये डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन बनवलं, आणि गर्भपात टळेल म्हणून ते कित्येक वर्षं गरोदर बायकांना दिलं गेलं. १९७१ मध्ये त्यांच्या वयात आलेल्या मुलींमध्ये योनीचा दुर्मीळ कर्करोग सापडला. औषध घेतलं आयांनी, कर्करोग झाला मुलींना. हे वाचल्यावर मी नवऱ्याला उठवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पाणी आणून दिलं. प्लास्टिकच्या बाटलीत.

एक गोष्ट मात्र धीराची वाटली. २००७ मध्ये अमेरिकेत डॅना डोलिनॉय यांनी गाभण उंदरिणींना बीपीए दिलं तर पिवळी पिल्लं जास्त झाली; त्या जातीत पिवळा रंग म्हणजे जनुकाचं नियंत्रण बिघडल्याची खूण. सोबत फोलिक ॲसिड, बी-१२ वगैरे दिलं तेव्हा तो फरक पुसला गेला. मी उड्या मारत मॅडमना सांगितलं. त्या हसल्या. “फोलिक ॲसिड तुला चालूच आहे, ते बाळाच्या मणक्यासाठी. उंदरांचा रंग बघून डोस वाढवू नकोस.”

दुसऱ्या खेपेला त्यांनी सहज विचारलं, काम काय करतेस? सांगितल्यावर हातातलं पेन थांबलं. पर्समधून औषधाच्या दुकानाचं बिल काढायला लावलं, म्हणाल्या, नखानं ओरखड. काळी रेघ उठली. शाई नाही, उष्णतेनं काळा होणारा थर. त्यात बीपीए किंवा त्याचा भाऊ बीपीएस सुटा असतो, हाताला लागतो. सॅनिटायझर लावून लगेच बिल धरलं तर आणखी जास्त शिरतो, हे अमेरिकेत २०१४ साली तपासलेलं आहे. मी रोज तेच करत होते, वर त्याच हातानं शेंगाचटणी-भाकरी. बरं इतकंच, की बीपीए साठत नाही. बहुतेक एका दिवसात लघवीतून जातं. पण मी रोज नव्यानं भरत होते.

पुढचा महिना शेठशी वाटाघाटीत गेला. आधी ते म्हणाले, हातमोजे घाल. मे महिना, बाहेर ४३ डिग्री, रबराच्या मोज्यात बोटं सुरकुतली आणि नोटा मोजता येईनात. मग म्हणाले, पद्माला काउंटरला बसव, तू चादरींकडे जा. पद्माचं लग्न होऊन चार महिने झालेले. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. शेवटी गोडाऊनमधला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आठवला. धूळ झटकली, रिबन घातली, आणि तो कर्र कर्र करत चालू झाला. गिऱ्हाईकं दचकायची. शेठ वैतागले, पण साधा कागद स्वस्त पडतो हे कळल्यावर गप्प झाले. साध्या मोबाइलवाल्यांना छापील, बाकीच्यांना बिल व्हॉट्सॲपवर.

घरातलं सोपं होतं. नळाला रोज पाणी येत नाही, साठवावंच लागतं, म्हणून आधी निळा ड्रम उलटा केला. बुडाला त्रिकोणात २ होता. त्या प्लास्टिकमध्ये बीपीए नसतं. पण पिण्याचा कडक पारदर्शक जार ७ नंबरचा निघाला, पुढं पीसी लिहिलेलं, आणि तो गच्चीच्या जिन्यात उन्हात ठेवलेला. तो गेला, सासूबाईंचं स्टीलचं पिंप माळ्यावरून खाली आलं. वासाचं टाल्कम, अत्तर बंद. टपरीवरून पिशवीतून येणाऱ्या गरम चहाला मी घरचा पेला लावला.

आणि अँटिऑक्सिडंट? ते मामांच्या सांगोल्याच्या बागेतून पेटीनं आले. भगवा डाळिंब, रोज एक. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २०१६ पासून सोलापूर डाळिंबाला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं, मानांकनही आहे, आणि मी चौदा दिवस डबीला चिकटून होते! मॅडमनी बजावलं, हे फळ म्हणून खा, कवच म्हणून नको. डबी नणंदेला परत केली. पैसे परत मिळाले नाहीत, आणि ती दिवाळीपर्यंत फुगून होती.

मुलगी झाली, दोन किलो आठशे. यातल्या कशानं काय झालं ते मी सांगू शकत नाही.

परवा पद्माचा फोन आला. मी रजेवर गेल्यावर शेठनी थर्मल मशीन परत लावलंय. रोलवर ‘बीपीए फ्री’ लिहिलेलं. “ओरखडून बघितलं का?” विचारलं. म्हणाली, काळी रेघ उठते. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग विचारलं, “ताई, त्या जुन्या प्रिंटरची रिबन कुठून आणली होती?”