थिएटरला जाऊ की घरी बघू?

"थिएटरला जाऊन बघण्यासारखा आहे, की ओटीटीवर आला की बघू?" नवीन मराठी सिनेमा बघून आले की हा प्रश्न हमखास येतो. नणंद फोन करून विचारते, ऑफिसात डबा खाताना मैत्रिणी विचारतात, खालच्या मजल्यावरचे काका तर जिन्यातच गाठतात. मी काही समीक्षक नाही. जमेल तसं तिकीट काढून जाणारी प्रेक्षक आहे. पण इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. ज्या सिनेमाबद्दल 'छान आहे, पण फार संथ' असं कानावर येईल, तो आधी थिएटरला जाऊन बघा. धूमधडाक्याचा घरी बघितलात तरी चालेल.

बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात. त्यामागचा हिशेब मला कळतो. चौघांचं तिकीट, रिक्षा, मधल्या वेळचं खाणं धरलं तर बरेच पैसे जातात. एवढे मोजून खेड्यातलं एक घर आणि ओसरीवर बसलेली चार माणसं कशाला बघायची? पण २०२५ मध्ये जे मराठी सिनेमे बघितले, त्यांनी माझं मत पक्कं केलं.

मार्चमध्ये जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. सविता कॉलेजात शिकते, वडील कापूस पिकवतात आणि भाव वाढायची वाट बघतात. मधल्या काळात तिला बघायला पाहुणे येत राहतात. पुरुषमंडळी ओळीने बसतात, सविताला समोर स्टुलावर बसवतात आणि सरबत्ती सुरू होते: नाव काय, उंची किती, शिक्षण काय, छंद काय. पहिल्यांदा हे आलं तेव्हा थिएटरात हशा पिकला, कारण त्यातलं प्रत्येक माणूस आपल्या ओळखीचं होतं. पुढचं स्थळ आलं, पुन्हा तेच प्रश्न, त्याच क्रमाने. हसणारे कमी झाले. त्यानंतर ती स्टुलावर येऊन बसली तेव्हा आमच्या रांगेत कोणी हललंसुद्धा नाही. शेजारच्या अनोळखी बाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरून ठेवली होती.

हेच घरी बघत असतो तर दुसऱ्याच स्थळाला कोणीतरी म्हणालं असतं, "हे झालंय ना मघाशी, पुढे घे." आणि पुढे घेतलं की सिनेमा संपला. सविताला काहीच पुढे घेता येत नाही, प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सोसावं लागतं, हेच तर तो सांगतोय. ते आपल्यालाही तिच्याबरोबर बसून सोसायला हवं, आणि त्यासाठी हातात रिमोट नसलेला बरा.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात, पडदा काळा होतो आणि बराच वेळ काळाच राहतो. अलीकडे भाच्याबरोबर तो पुन्हा घरी बघितला. पडदा काळा झाल्याबरोबर भाच्याने बंद करायला रिमोट उचलला. मी थांबवलं म्हणून त्याला पुढचा प्रसंग दिसला: सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलक्या घेतायत, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. इतका वेळ बघितलेल्या खटल्यावरचं दिग्दर्शकाचं म्हणणं त्या एका प्रसंगात आहे. बटण दाबलं असतं तर भाचा त्याला मुकला असता आणि मुकलोय हे त्याला कळलंही नसतं.

आता 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांच्या या पहिल्याच चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं, आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, त्याची आई आणि गावात शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या, एवढाच पसारा. भावकी सुतकाचे नियम सांगत राहते आणि त्याच दमात लग्नाचं विचारत राहते. आनंदचं मन बाळ्याकडे ओढ घेतं. दोन पुरुषांमधलं प्रेम मराठी पडद्यावर इतक्या साधेपणाने, इतक्या मायेने मी कधी बघितलं नव्हतं. आईचं काम करणाऱ्या जयश्री जगताप मुलाच्या पाठीशी ज्या पद्धतीने उभ्या राहतात, त्यात एकही भाषण नाही.

या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. कुठे गहिवरायचं हे सांगायला सारंगी येत नाही. कॅमेरा एका जागी उभा राहून वाट बघतो. पानांची सळसळ, शेळ्या, लांबून कोणीतरी मारलेली हाक, एवढंच ऐकू येतं. आमच्या हॉलमध्ये खाली रस्त्यावरची बस, शेजारचा मिक्सर आणि माझ्याच फोनची किणकिण असते. तिथे ही शांतता टिकणारच नाही. थिएटरात दरवाजे बंद झाले की ती ऐकू येते, आणि मग बाळ्याने आनंदसाठी शोधून आणलेली ती निवडुंगाची लाल बोंडं किती मोलाची आहेत, हे कोणी न सांगता समजतं.

'दशावतार'ची शिफारस मात्र सगळे मोठ्या पडद्यासाठीच करतात. कोकणातली जंगलं, वेश, मशाली पडद्यावर खुलतात, यात वाद नाही. दिलीप प्रभावळकरांसाठी तो कुठेही बघावा. दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतो. त्यांनी रंगवलेल्या बाबुली मेस्त्री या नटाची तर नजरच अधू होत चाललीय, आणि तरी त्याला रंग सोडवत नाही. ऐंशी ओलांडलेल्या प्रभावळकरांनी ही तगमग अंगभर पेलली आहे. पूर्वार्ध मला मनापासून आवडला. पुढे सूडाची गोष्ट वेग घेते आणि त्या वेगात बाबुली हा माणूस थोडा मागे पडतो, असं माझं मत. पण तोच वेग घरी उपयोगी पडतो. माझ्या सासूबाई मालवणकडच्या. त्यांनी तो टीव्हीवर बघितला, मध्येच उठून कुकर बंद करून आल्या, आणि तरी शेवटी डोळे पुसत होत्या.

'आता थांबायचं नाय'चंही तसंच. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, ही खरी घडलेली गोष्ट. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव दोघेही झकास. तो तर सगळ्या घराने जेवणाची ताटं घेऊन एकत्र बघावा. घरात कोणी दहावीला असेल तर नक्कीच.

काका परवा म्हणाले, "हे सगळं खरं, पण संथ सिनेमा थिएटरात टिकतोय कुठे?" रास्त आहे. शुक्रवारी लागतो, दुपारचा आडवेळेचा एखादा खेळ मिळतो, आणि रविवारी जाऊ म्हणेपर्यंत तोही निघालेला असतो. म्हणून असा सिनेमा पहिल्या शनिवारीच गाठा. तो गेला तर मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या आहेत, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे, त्यांच्या खेळांवर लक्ष ठेवा. तेही जमलं नाही तर घरी बघा, पण दिवे मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आणि एका बैठकीत. 'साबर बोंडं' पुन्हा कुठे पडद्यावर लागतोय असं कळलं तर मला जरूर कळवा. नणंदेला घेऊन मी परत जाणार आहे.