साडेआठ मिलिमीटर

कपाट आवरताना माझे प्लास्टरचे दात सापडले. तारा लावायच्या आधी घेतलेला ठसा, वय तेव्हा चौदा. आवरणं तिथंच थांबलं, हे सांगायला नकोच. हत्यारांच्या डब्यात डिजिटल कॅलिपर होतं. वरचा अगदी मधला पुढचा दात मोजला : ८.७ मि.मी. पुन्हा मोजला, ८.५. तिसऱ्यांदा ८.६. दात प्लास्टरचा, तो कुठला हलतोय. हलत होते मी.

दात मोजणं हाच ज्यांचा अभ्यास, ते म्हणूनच तेच ठसे काही दिवसांनी पुन्हा मोजतात, तेही आधीचे आकडे न बघता. आपल्या हाताचा घोळ किती ते आधी कळायला हवं, माणसामाणसांतला फरक त्यानंतर. आणि तो फरक तरी केवढा? या दाताची सरासरी रुंदी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, आणि बहुतेक जण तिच्या अलीकडे-पलीकडे मिलिमीटरभरात. त्यात माझ्या हाताचे ०.२ म्हणजे काही थोडेथोडके नाहीत.

सातव्या वर्षी मात्र हेच दात मला फावड्याएवढे वाटायचे. वर्गाच्या फोटोत मी तोंडावर हात धरून उभी आहे, एकटीच. आजी म्हणायची, "थांब गं, चेहरा येईल दातांच्या मापाला." तिचं खरंच होतं. दाताचा दिसणारा भाग जबड्याच्या आत चार-पाच वर्षांच्या वयातच पुरा घडलेला असतो. बाहेर येतो तो मोठ्या माणसाच्या मापाचा, लहान मुलाच्या तोंडात. त्यानंतर वाढणं नाही, फक्त झिजणं.

त्याच्या शेजारचा दात जास्त गमतीचा. माझा डावीकडचा उजव्यापेक्षा चांगलाच बारीक आहे. काहींचा तर नुसता खुंटीसारखा असतो, काहींना येतच नाही. दातांचे अभ्यासक अल्बर्ट डालबर्ग यांनी १९४५ साली माणसाच्या दातांचे गट मांडले. प्रत्येक गटात एक दात भरवशाचा, बाकीचे त्याच्यापासून जितके लांब तितके लहरी. पहिली दाढ शिस्तीची, अक्कलदाढेचा काही नेम नाही. सुळ्यांची तऱ्हा वेगळी : बायकांच्या आणि पुरुषांच्या मापात सगळ्यात जास्त फरक तिथे. हे वाचल्यापासून कुणी खळखळून हसलं की माझी नजर आधी वरच्या त्या दुसऱ्या दाताकडे जाते. विनोद कळत नाही. वाईट खोड आहे.

शेवटी आरशासमोर उभी राहून खराच दात मोजला. कॅलिपरची टोकं गार लागली. ८.३. शेजाऱ्यांशी घासून दात कडांनीही झिजतात म्हणे, आणि मधे तीस वर्षं गेलीत. झिजला, की हात हलला, कोण जाणे.

कपाट अजून तसंच आहे.