वळणावर इंजिन का अडतं?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक वेळा एकाच साच्यात येतो : 'लेगोचं इंजिन कम्प्युटरवर जुळवलं, सगळे ठोकळे बसले, सरळ रुळावर मस्त पळतं, पहिल्याच वळणाला कुरकुरतं, थांबतं नाहीतर रूळ सोडतं. मोटर कमी पडते का?'

मोटर सहसा कमी पडत नाही. घोटाळा असा असतो की इंजिन वरून खाली बांधलेलं असतं. आधी नाक, मग केबिन, मग छप्पर, आणि उरल्या जागेत चाकं कोंबलेली. करायचं नेमकं उलट.

उदाहरणाला आपला खेकडाच घेऊ. म्हणजे डब्ल्यूसीजी-१ हे जुनं विजेचं इंजिन, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं ईएफ-१. आराखडा स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधल्या कारखान्याचा, वीज १५०० व्होल्ट डीसी, काम बोरघाट आणि थळघाटातल्या मालगाड्यांचं. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाकं, खाली चाकांच्या तीन-तीन जोड्यांच्या दोन बोग्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, चाकांची वळणारी चौकट) आणि प्रत्येक बोगीतली चाकं एकमेकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या. सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत एक खेकडा उभा आहे; पाहताना नाकापेक्षा दांड्या पाहा. याच घराण्यातल्या स्विस इंजिनाला 'मगर' म्हणतात आणि २०२० मध्ये लेगोने १०२७७ क्रमांकाचा संच काढला तो मगरीचा. खेकड्याचा संच नाही, तो आपणच करायचा.

सुरुवात मापापासून. लेगोच्या रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर ३७.५ मिमी, आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. भागाकार केला की साधारण १:४५ येतं. आपल्याकडचं रुंद वाहन सव्वातीन मीटरपर्यंत जातं, म्हणजे मॉडेलमध्ये ७२ मिमी, नऊ स्टड (स्टड म्हणजे लेगोच्या ठोकळ्यावरचा गोल उंचवटा, मापाला ८ मिमी). नऊ ही अडचणीची संख्या. चाकांचे सांगाडे, कपलर (डबे जोडणारा आकडा), बॅटरीचा हब (सेलची पेटी) सगळं सम मापाचं. मधोमध काही बसेना की अर्ध्या स्टडच्या कसरती सुरू होतात. आठ घ्या. इंजिन थोडं सडपातळ दिसेल, पण युरोपातल्या स्टँडर्ड गेजच्या (ब्रॉडगेजहून अरुंद रुळाच्या) इंजिनांना जो रूळ फताडा दिसतो तो आपल्याला जवळजवळ अचूक बसतो. ब्रॉडगेजचा एवढा फायदा तरी घ्यावा.

आता वळण. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२० मिमी. सोळा तुकड्यांत पूर्ण गोल. एकामागे एक तीन चाकं असली की टोकाची दोन चाकं रुळावर राहतात आणि मधलं बाजूला सरकू पाहतं. किती, ते टोकाच्या चाकांमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट एवढ्यावरून कळतं. चाकं पाच-पाच स्टडवर असतील तर टोकांमधलं अंतर ८० मिमी : ६४०० भागिले २५६०, म्हणजे अडीच मिमी. एवढा खेळ चाकाच्या फ्लँजला, म्हणजे रुळाच्या आत राहणाऱ्या कडेला, नसतो. म्हणून मधली जोडी फ्लँज नसलेली, सपाट घ्यायची. ती नुसती टेकते, दिशा देत नाही. चार-चार स्टडवर चाकं बसली तर हाच आकडा १.६ मिमीवर येतो, पण मोठ्या चाकांची फ्लँज तिथे एकमेकांना लागते.

हेच गणित केबिनलाही लावा. दोन बोग्यांचे मध्य २६ स्टडवर असतील तर २०८ मिमीचा वर्ग भागिले २५६०, जवळजवळ १७ मिमी. वळणावर केबिनचा मध्य दोन स्टडहून जास्त आत झुकतो. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी, किंवा रुळालगत प्लॅटफॉर्म असेल तर घासणार. खेकड्याची नाकं मात्र बोगीवर असतात आणि बोगीबरोबरच वळतात, त्यामुळे टोकं बाहेर फेकली जात नाहीत. लांब सलग बॉडीच्या इंजिनापेक्षा खेकडा करायला सोपा, तो एवढ्यासाठी.

मोटर केबिनमध्ये ठेवा, बोगीत नको. बोगीत ठेवली तर केबल सांध्यावरून जाते, आणि ती केबल चांगली ताठ असते. प्रत्येक वळणाला बोगीला ढकलत राहते. केबिनमध्ये आडवी एल मोटर (लेगोची मोठी मोटर), तिच्यापासून उभा अ‍ॅक्सल खाली, आणि हा अ‍ॅक्सल बोगीच्या फिरण्याच्या बरोबर मध्यातून गेला पाहिजे. एक स्टड जरी सरकला तरी बोगी वळताना गिअर एकमेकांवर चढतात आणि कट-कट असा दात सुटल्याचा आवाज येतो. तो आवाज आला की वेग वाढवून बघू नका, दात झिजतात. तिरके गिअर भार आला की एकमेकांना दूर लोटतात. म्हणून त्यांच्या दोन्ही अंगांना ठोकळ्यांची घट्ट चौकट हवी.

खाली १२ दात्यांचा गिअर मधल्या जोडीच्या अ‍ॅक्सलवरच्या २० दात्यांच्या गिअरला जोडा. ३० मिमीच्या चाकाचा घेर साधारण ९५ मिमी. मोटर सेकंदाला पाच फेरे घेत असेल तर चाक तीन घेतं, इंजिन सेकंदाला २८ सेंमी जातं. पंचेचाळीसपट केलं की ताशी पंचेचाळीस किमीच्या आसपास. घाटातल्या मालगाडीला शोभेलसं. थेट जोडलं तर ताशी शहात्तर, आणि मग खेकडा खेळण्यासारखा धावतो.

आता दांड्या, कारण निम्म्या तक्रारी इथल्या असतात. चाकांवरच्या, दांडी जिथे अडकते त्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या खिट्ट्या एकमेकींशी ९० अंशांत हव्यात. दोन्ही बाजू एकाच वेळी आडव्या रेषेत आल्या तर दांडीला चाक कुठे ढकलायचं ते कळत नाही. एखादं चाक उलटं फिरायला बघतं आणि सगळं जाम. लेगोचा अ‍ॅक्सल अधिकच्या चिन्हासारखा असल्यामुळे हे सोपं आहे : एका बाजूचं चाक काढा, एक घर फिरवा, परत बसवा. मात्र तिन्ही जोड्यांना एकाच दिशेने.

दांडीला काळ्या पिना लावू नका. त्या घट्ट बसाव्यात म्हणूनच केलेल्या असतात. करड्या किंवा फिक्या पिवळसर, सैल फिरणाऱ्या पिना घ्या. आणि तिन्ही जोड्यांना गिअरनेही फिरवायचं, दांडीनेही, असं करू नका. एका दाताचा फरक पडला तरी दोघं एकमेकांशी भांडतात. गिअर मधल्या जोडीला, बाकी दोन दांड्यांवर.

जोडणीचा क्रम चुकवला तर दोष सापडत नाही. आधी बोगी दांड्यांशिवाय. रूळ जरा तिरका धरला की ती स्वतःहून घरंगळली पाहिजे. नाही घरंगळली तर चाक किंवा बुश (चाक जागेवर धरणारी छोटी कडी) ठोकळ्याला दाबून बसलंय, नखाएवढी फट सोडा. मग एका बाजूची दांडी, परत घरंगळवा. मग दुसरी. मग गिअर, मग मोटर, सगळ्यात शेवटी बॉडी. लेगो जुळवायचं स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर ठोकळे एकमेकांत घुसले तर सांगतं. चालताना होणारं घर्षण आणि चाकांवर येणारा भार त्याला कळत नाही.

वजनाचं म्हणाल तर हबमध्ये सहा ट्रिपल-ए सेल असतात, म्हणून हब मोटर जोडलेल्या बोगीच्या बाजूला सरकवा. रबर फक्त मधल्या जोडीच्या चाकांना. सगळ्यांना लावलं तर वळणावर चाकांना घसरायला जागाच उरत नाही आणि मोटर दमते. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे, सहांचे ७.२, नऊ व्होल्टवर जमवलेला वेग त्यांच्यावर कमी दिसला तर दोष गिअरचा नाही. हबचं बटण दाबायला छप्पर दर वेळी उचलावं लागू नये, म्हणून एका पँटोग्राफखाली (छपरावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याखाली) सैल ठोकळा ठेवा. पँटोग्राफ दाबला की गाडी जागी होते, आणि मुलांना तेच सगळ्यात आवडतं.

शेवटची चाचणी गोल वळणावर नको, दोन उलट वळणांच्या सांध्यावर घ्या. एक वळण डावीकडे, लगेच दुसरं उजवीकडे, मधे सरळ तुकडा नाही. मागे चार भरलेले डबे लावून उलट ढकला. कपलर नाकाला असतो, त्यामुळे सगळा जोर एका बोगीतून, बोगी आणि केबिन जोडणाऱ्या खिळीवर आणि तिथून दुसऱ्या बोगीवर जातो. खिळ एकाच क्लिपवर लटकत असेल तर ती इथेच सुटेल.